व्हर्च्युअल टीम: टूल्स सगळी आहेत, तरी काम का अडतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. टीम दहा-अकरा जणांची, तीन टाइमझोनमध्ये विखुरलेली, चॅट आहे, व्हिडिओ कॉल आहे, टास्क बोर्ड आहे, शेअर्ड डॉक्स आहेत, सगळं आहे, तरी रोज कुणीतरी म्हणतंच की "मला हे कुणी सांगितलंच नाही", आणि त्यावर उपाय म्हणून थोड्या थोड्या दिवसांनी एक नवी मीटिंग सुरू होते. तर आता नेमकं कुठलं टूल घ्यावं, आणि अशा टीम मुळात चालतात तरी कशा?

टूल नका बदलू, निदान आत्ता तरी. मी बरीच वर्षं अशाच विखुरलेल्या टीम सांभाळतेय, डेव्हलपमेंटच्या पण आणि सपोर्टच्या पण, आणि नवीन टूल आणून हा असला प्रश्न सुटलेला मी अजून बघितला नाहीये, उलट माहिती शोधायची आणखी एक जागा वाढते आणि लोक वैतागतात. अडचण वेगळीच असते. ऑफिसात दोन गोष्टी फुकट मिळतात. एक म्हणजे माहिती आपोआप कानावर पडते, बाजूच्या टेबलावर कुणीतरी फोनवर बोलत असतं, जेवताना विषय निघतो. दुसरं म्हणजे समोरचा गप्प असेल तर तो का गप्प आहे ते दिसतं, फोनवर आहे, कामात आहे, की आपल्यावर चिडलाय. लांबून यातलं काहीच मिळत नाही. ती दोन्ही कामं आता कुणीतरी मुद्दाम करायला लागतात आणि बहुतेक टीममध्ये ती कुणाच्याच अंगावर नसतात, सगळे धरून चालतात की टूल करतंय.

कानावर पडण्याचं आधी बघू. एमआयटीच्या थॉमस ॲलन यांनी 1970च्या दशकात इंजिनिअर लोकांच्या बसायच्या जागा आणि त्यांचं आपापसातलं बोलणं यांचा हिशोब मांडला होता. टेबलं जशी लांब जातात तसं बोलणं धडाधड कमी होतं, आणि साधारण तीसेक मीटरच्या पुढे ते इतकं खाली येतं की मग माणूस पुढच्या इमारतीत आहे की दुसऱ्या देशात याने फारसा फरक पडत नाही. म्हणजे ज्यांना वाटतं की आमचं ऑफिस एकच आहे, आम्ही कुठे व्हर्च्युअल, ते दोन मजल्यांवर बसत असतील तर तेही अर्धे व्हर्च्युअलच आहेत. 2020 साली मायक्रोसॉफ्टच्या 61 हजारांवर कर्मचाऱ्यांच्या ईमेल-चॅट-मीटिंगांच्या नोंदींवरून एक अभ्यास झाला, त्यात दिसलं की सगळे घरून काम करायला लागल्यावर लोक आपल्या रोजच्या माणसांशी जास्त बोलायला लागले आणि दुसऱ्या गटांशी असलेले सैल धागे तुटत गेले. स्वतःच्या टीममध्ये त्यामुळे सगळं छान चाललंय असंच वाटतं, आणि "मला कुणी सांगितलंच नाही" हे नेमकं त्या तुटलेल्या धाग्याच्या टोकावरून येतं. तुमच्याकडे कोण कोण हे वाक्य बोलतं ते एकदा आठवून बघा, बहुतेक वेळा तो माणूस वेगळ्या टीमचा किंवा वेगळ्या टाइमझोनचा निघेल.

यावर मला एकच गोष्ट मनापासून लागू पडलेली दिसते, ती म्हणजे कामाचं बोलणं डीएममध्ये, म्हणजे एकट्या माणसाला पाठवलेल्या खासगी मेसेजमध्ये, करायचं नाही. खासगी असेल, पगाराचं असेल, कुणाला कान उपटून सांगायचं असेल तर डीएम, बाकी सगळं उघड्या चॅनेलमध्ये, अगदी "ही फाइल कुठे आहे" एवढा छोटा प्रश्नसुद्धा. सुरुवातीला लोकांना लाज वाटते, एवढं साधं सगळ्यांसमोर कसं विचारायचं. म्हणून आधी सिनियर लोकांनी स्वतः उघड्यावर येडे प्रश्न विचारायला लागतात, मग बाकीचे हळूहळू येतात. कुणी डीएममध्ये कामाचं विचारलं तर मी उत्तर देते पण चॅनेलमध्ये देते, त्या माणसाला टॅग करून, न चिडता, दरवेळी. वाचणारे सगळं वाचत नाहीत आणि वाचायची गरजही नाही, पण सर्चमध्ये ते सापडतं, आणि सहा महिन्यांनी जॉइन झालेल्या माणसाला तेच उपयोगी पडतं. डीएममधलं बोलणं दोन माणसांच्या डोक्यात राहतं आणि त्यातला एक सोडून गेला की संपलं.

आता गप्प बसण्याचं, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण सगळ्या भांडणांचं मूळ इथेच असतं.

कॅथरिन क्रॅम्टन यांनी वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या विद्यार्थ्यांच्या टीमचा अभ्यास केला होता, तो 2001 साली छापून आला. त्यात त्यांना आढळलं की एकाच टीममध्ये गप्प राहण्याचे असंख्य अर्थ निघत होते: मान्य आहे, अजिबात मान्य नाही, गावाला गेलोय, नेट बंद आहे, तुझा प्रश्न बघितलाच नाही, कसं सांगू कळत नाहीये, दुसऱ्या कामात आहे. पाठवणारा मात्र यातला एकच अर्थ धरून बसतो, आणि सहसा वाईटातला वाईट. त्यांचं अजून एक निरीक्षण मला रोज दिसतं, की समोरच्याची परिस्थिती दिसत नसल्यामुळे लोक परिस्थितीला दोष देत नाहीत, थेट माणसालाच देतात. उत्तर आलं नाही म्हणजे तो बेजबाबदार. त्याच्याकडे त्या दिवशी सुट्टी होती हे कुणाच्या गावीही नसतं.

शिवाय लिहिलेल्या मजकुरातून टोन कळतो हाही आपला भ्रमच. जस्टिन क्रूगर, निकोलस एपली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2005चा एक प्रयोग आहे, ईमेलमध्ये काही वाक्यं उपरोधाने आणि काही सरळ लिहायची, आणि समोरच्याने ओळखायचं. लिहिणाऱ्यांना वाटत होतं 78 टक्के वेळा ओळखू येईल, प्रत्यक्षात आली 56 टक्के, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी जवळपास तेवढंच. आवाजात सांगितलं तेव्हा मात्र 73 टक्क्यांपर्यंत बरोबर आलं. त्यामुळे माझा नियम साधा आहे, चॅटवर टोमणा नाही, आणि एखाद्या थ्रेडमध्ये (एका विषयावरच्या मेसेजांच्या साखळीत) दोन जणांचे सूर चढायला लागले की तिसऱ्या मेसेजला थांबून दहा मिनिटांचा कॉल करायचा, आणि कॉलमध्ये काय ठरलं ते परत त्याच थ्रेडमध्ये दोन ओळींत टाकायचं. शेवटचं लोक हमखास विसरतात, मग थ्रेड वाचणाऱ्या बाकीच्यांना वाटतं भांडण अजून चालूच आहे.

मेसेज कसा लिहायचा ते एकदा जवळून बघा, कारण टाइमझोनमध्ये सगळा खेळ मेसेजच्या पहिल्या चार ओळींचा असतो. बहुतेक लोक असं लिहितात: "हाय, वेळ आहे का?" आणि वाट बघत बसतात. समोरचा झोपलेला. तो उठतो, लिहितो "हो बोल", तोपर्यंत हा झोपलेला. दोन दिवस गेले आणि कामाचा एक शब्द अजून निघालेला नाही. त्याऐवजी हा मेसेज बघा:

"पेमेंटच्या पेजवर मोबाइलवरून बटण पटापट दोनदा दाबलं तर ऑर्डर दोनदा जाते. लॉग बघितले, दोन्ही रिक्वेस्ट वेगवेगळ्या आयडीने येतायत. दोन पर्याय दिसतात, पहिल्या क्लिकला बटण बंद करायचं किंवा सर्व्हरवर डुप्लिकेट अडवायचं. मला दुसरा बरा वाटतो, कारण नेट अडखळलं आणि ॲपने स्वतःच परत रिक्वेस्ट पाठवली तर पहिला पुरणार नाही. गुरुवारी युटीसी 10 वाजेपर्यंत तुझं काही आलं नाही तर मी दुसरा करायला घेते."

(युटीसी म्हणजे सगळ्या जगासाठी एकच धरलेली प्रमाणवेळ.) यात समोरच्याला काही विचारायची गरजच उरत नाही, तो झोपेतून उठून फोनवरच "हो" किंवा "थांब, यात एक लोचा आहे" एवढं लिहू शकतो. पण खरी करामत शेवटच्या वाक्यात आहे. त्याने गप्प राहण्याला एकच अर्थ दिला, आणि तोही आधी सांगून. "कळव" असं लिहून सोडलं असतं तर ते भिजत घोंगडं आठवडाभर पडलं असतं. तारीख-वेळ टाकलीत की ज्याला आक्षेप आहे तो बोलतो, ज्याला नाही तो गप्प बसतो, आणि काम पुढे जातं. फक्त एक काळजी घ्या, हे मागे फिरवता येणाऱ्या गोष्टींपुरतंच. डेटा डिलीट करायचा आहे, ग्राहकाला ईमेल जाणार आहे, पैसे हलणार आहेत, तर तिथे गप्प म्हणजे "नाही" असा उलटा नियम ठेवा, आणि स्पष्ट हो लेखी आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

मशीनच्या गप्प राहण्याचंही असंच असतं. गिटलॅब ही सॉफ्टवेअर कंपनी पूर्ण रिमोट चालते, 31 जानेवारी 2017ला त्यांच्या एका इंजिनिअरने भलत्याच सर्व्हरवरचा डेटाबेस डिलीट केला, सुमारे 300 जीबीचा. मग बॅकअप शोधायला गेले तर रोजचा बॅकअप बरेच दिवस फेलच होत होता. फेल झाल्याचे ईमेल सिस्टीम पाठवत होती, पण मेल सेटिंगच्या घोळामुळे ते ईमेल परस्पर नाकारले जात होते. कुणाकडे काही तक्रार येत नाही म्हणजे सगळं नीट चाललंय, असं सगळे धरून बसले. शेवटी साधारण सहा तासांचा डेटा कायमचा गेला. मला यातलं शिकण्यासारखं जास्त वाटतं ते त्यांनी नंतर काय केलं ते, एकच डॉक उघडलं, त्यात कोण काय करतंय ते लिहीत गेले, ते डॉक जगाला वाचायला खुलं ठेवलं आणि दुरुस्तीचं काम यूट्यूबवर लाइव्ह दाखवलं. एवढं उघडं करायची तुम्हाला गरज नाही, पण काही पेटलं की एक डॉक, एक कॉल, एक माणूस निर्णय घेणारा आणि एक माणूस फक्त लिहिणारा, ही विभागणी पाठ करून ठेवा. लिहिणाऱ्याने दुरुस्तीला हात लावायचा नाही, मोह आवरायचा. आणि अलर्ट फक्त बिघडल्यावर येत असेल तर रोज एक "आज बॅकअप झाला" असाही मेसेज येऊ द्या, तो आला नाही की लगेच डोळ्यात भरतं.

आता निर्णय कुठे लिहायचे ते. चॅट ही बोलायची जागा आहे, साठवायची नाही. निर्णय डॉकमध्ये किंवा टिकेटमध्ये (टास्क बोर्डवरच्या एकेका कामाच्या नोंदीत), एकेका निर्णयाला पाच-सहा ओळी: काय ठरलं, का ठरलं, कुठले पर्याय सोडले, कुणी ठरवलं, तारीख. "का" आणि "सोडलेले पर्याय" या दोन ओळी लोक टाळतात, आणि नंतर तोच वाद परत पहिल्यापासून होतो कारण नवीन आलेल्याला वाटतं की या बाकीच्यांना हा पर्याय सुचलाच नव्हता. लिनक्स या खुल्या ऑपरेटिंग सिस्टीमचं काम 1991पासून विखुरलेल्या लोकांकडून चाललंय, आज दर नऊ-दहा आठवड्यांनी येणाऱ्या प्रत्येक व्हर्जनमध्ये हजारावर लोकांचा हात असतो, त्यातले बहुतेक जण एकमेकांना कधी भेटलेलेही नसतात, आणि बदल तपासले जातात ते मुख्यतः ईमेलवर. हे जमतं कारण प्रत्येक बदलाबरोबर तो का केला हे लिहावंच लागतं, नाही लिहिलं तर बदल परत येतो. 2005 साली त्यांनी स्वतःसाठी बनवलेलं गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल, आज सगळे वापरतात, पण गिट घेतलं आणि कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) मेसेजमध्ये "फिक्स" एवढंच लिहिलं तर उपयोग काय?

आणि चॅट-ईमेलवर तोडगा काढून मोकळं होण्याचा धोका किती मोठा असू शकतो याचं उदाहरण मंगळावरचं आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान 23 सप्टेंबर 1999ला मंगळाशी पोचून नाहीसं झालं. एका ठिकाणची टीम यानाच्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदात देत होती, दुसऱ्या ठिकाणची टीम ते न्यूटन-सेकंद समजून घेत होती, साडेचार पटीच्या आसपास फरक. एवढं सगळ्यांना माहीत असतं. चौकशी अहवालात अजून एक गोष्ट आहे. आकडे जुळत नाहीयेत हे प्रवासातच लोकांच्या लक्षात आलं होतं, पण अडचण नोंदवायची जी रीतसर पद्धत होती ती न वापरता ईमेलवर चर्चा झाली, आणि ती तिथेच हवेत विरली. टिकेट उघडलेलं असतं तर ते बंद होईपर्यंत कुणाच्या तरी डोक्यावर बसलं असतं. ईमेल कुणाच्याच डोक्यावर बसत नाही.

मीटिंगांकडे येऊ. माणसं बोलताना एकाचं संपल्यावर दुसरा सरासरी 200 मिलिसेकंदात सुरू होतो, दहा वेगवेगळ्या भाषांवर केलेल्या 2009च्या अभ्यासात सगळीकडे साधारण हेच दिसलं. आता कॉलवर आवाज एका बाजूने जायला 150 मिलिसेकंद लागतात असं धरा, आणि हे चांगल्या कॉलचं धरतेय, आंतरराष्ट्रीय शिफारशीतच ही मर्यादा आहे. तुम्ही बोलून थांबलात, तुमचं शेवटचं अक्षर पोचायला 150, समोरच्याचे नेहमीचे 200, त्याचा आवाज परत यायला 150, झाले 500. तुमच्या कानाला ती अर्ध्या सेकंदाची शांतता फार वाटते, तुम्ही "म्हणजे मला असं म्हणायचंय की" म्हणून परत सुरू करता, आणि त्याच क्षणी त्याचा आवाज येतो, मग दोघंही "सॉरी सॉरी, तू बोल". यात कुणाचाच उद्धटपणा नसतो. पण जे मुळात कमी बोलतात, किंवा ज्यांना ती भाषा सरावाची नाही, ते दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा म्यूट काढतच नाहीत, आणि आपण म्हणतो की अमुक माणूस मीटिंगमध्ये काही काँट्रिब्यूट करत नाही. म्हणून सहाच्या वर माणसं असतील तर हात वर करायचं बटण सक्तीचं, आणि कॉल चालवणाऱ्याने नावं घेऊन विचारायचं, प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजायचं. फार अवघडल्यासारखं होतं, होऊ द्या.

अर्धे लोक एका कॉन्फरन्स रूममध्ये आणि अर्धे स्क्रीनवर, हा प्रकार सगळ्यात वाईट. रूममधले आपापसात बोलतात, हसतात, फळ्यावर काहीतरी काढतात आणि स्क्रीनवरच्यांना एक लांबचा माइक ऐकू येतो. एक जण जरी बाहेरून जोडलेला असेल तरी सगळ्यांनी आपापल्या लॅपटॉपवरून जॉइन व्हा, हेडफोन लावून. रूममधले कुरकुरतात, मी ऐकत नाही.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याची कारणं मांडली होती, सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा तासन्‌तास समोर, एका चौकटीत खिळून बसणं, आणि हावभाव कळावेत म्हणून करावी लागणारी जास्तीची धडपड. पहिल्या पाच मिनिटांना कॅमेरा चालू, नवीन माणूस असेल तर चालू, बाकी ज्याची त्याची मर्जी, आणि स्वतःचा चौकोन लपवायचं सेटिंग सगळ्यांना दाखवून ठेवा, अनेकांना ते आहे हेच माहीत नसतं.

कुठल्या मीटिंगा ठेवायच्या आणि कुठल्या उडवायच्या? स्टेटस सांगायची मीटिंग उडवा, ते लिहून होतं. दहा जण पाळीपाळीने काल काय केलं ते सांगतात आणि बाकी नऊ जण ईमेल बघत बसतात, हे गुऱ्हाळ रोज कशाला. ठेवायच्या त्या वादाच्या, अडलेल्या निर्णयाच्या आणि माणसं एकमेकांना ओळखतील अशा. डॉक आधी पाठवा, आणि लोक वाचून येणार नाहीत हे गृहीत धरून कॉलची पहिली दहा मिनिटं सगळ्यांनी गप्प बसून तिथेच वाचायचं आणि डॉकमध्ये कॉमेंट टाकायच्या. ॲमेझॉनमध्ये मीटिंगच्या सुरुवातीला असं शांतपणे वाचत बसायची पद्धत आहेच. यात फायदा असा की मोठ्या आवाजाचा माणूस बोलायच्या आधी सगळ्यांची मतं कागदावर आलेली असतात. नव्या कल्पना काढायच्या असतील तर व्हिडिओ कॉल वाईट जागा आहे, 2022च्या एका अभ्यासात पाच देशांतल्या इंजिनिअरांच्या जोड्यांवर बघितलं तर व्हिडिओवरच्या जोड्यांना कल्पना कमी सुचल्या, कारण नजर स्क्रीनवर खिळते आणि डोकंही तिथेच अडकतं. त्यातली चांगली कल्पना निवडण्यात मात्र त्या मागे नव्हत्या. तेव्हा सुचायचं काम एकेकट्याने डॉकमध्ये, आणि निवडायचं काम कॉलवर, असं तोडा.

टाइमझोनबद्दल दोन-तीन व्यवहारातल्या गोष्टी. वेळ लिहिताना "उद्या सकाळी" किंवा "ईओडी" (दिवस संपेपर्यंत) लिहू नका, कुणाची सकाळ? तारीख आणि युटीसी लिहा. मार्चमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कॅलेंडर एकदा डोळ्यांनी तपासा, कारण अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात आणि युरोपात शेवटच्या रविवारी, मधले दोन-तीन आठवडे अमेरिका आणि युरोपमधला फरक एका तासाने बदललेला असतो, शरद ऋतूत परत आठवडाभर तोच गोंधळ. त्या काळात निम्मी टीम तासभर आधी येऊन बसते आणि निम्मी टीम येतच नाही. आणि अवेळी कॉल घ्यायची पाळी आलटून पालटून लावा. कायम त्याच देशातल्या लोकांनी रात्री अकराला जागायचं असेल तर ती टीम एक नाहीच, एक मुख्य ऑफिस आणि त्यांची शिफ्ट आहे, आणि लोकांना ते बरोबर कळतं, तुम्ही कितीही टाउनहॉल घेतलेत तरी.

दोन टाइमझोनच्या कामाच्या वेळांचा ओव्हरलॅप दोन तासांचा मिळत असेल तर तो मीटिंगांनी भरून टाकू नका, तो अडलेल्या लोकांना एकमेकांना गाठायला रिकामा ठेवा. बाकीचं हँडओव्हर नोटवर, म्हणजे शिफ्ट संपवताना पुढच्या माणसासाठी लिहिलेल्या नोटवर चालतं. सपोर्टच्या टीममध्ये आम्ही नोट अशी लिहायचो: "ग्राहकाचा इम्पोर्ट 40 टक्क्यांवर अडकतो. फाइलमधल्या तारखांचा फॉरमॅट तपासला, तो ठीक आहे, परत बघू नका. मेमरी वाढवून बघितली, फरक नाही. संशय मोठ्या फोटोंवर आहे, अजून तपासलेलं नाही. पहिलं काम: फोटो काढून तीच फाइल परत चालवा. ग्राहकाला युटीसी 14 वाजता अपडेट देतो असं सांगितलंय." यातलं "परत बघू नका" सोन्यासारखं आहे, नाहीतर पुढचा माणूस प्रामाणिकपणे तेच तीन तास परत घालवतो. आणि ग्राहकाला काय शब्द दिलाय ते लिहिलं नाही तर दोन शिफ्टच्या मध्ये तो शब्द पडतोच पडतो. हँडओव्हरबरोबर अजून एक गोष्ट तपासा, ॲक्सेस. ज्याच्याकडे पासवर्ड आहे तो झोपलेला आणि सर्व्हर बंद, हे कुठल्याही टीमला एकदा तरी भोगावं लागतं. प्रत्येक महत्त्वाच्या गोष्टीचा ॲक्सेस निदान दोन टाइमझोनमध्ये असला पाहिजे, पासवर्ड मॅनेजरमधून, चॅटवर पासवर्ड टाकून नव्हे.

मॅनेजर मंडळींसाठी थोडं कडू. चॅटमधला कोण ऑनलाइन आहे ते दाखवणारा हिरवा ठिपका बघत बसू नका, आणि स्क्रीनचे फोटो काढणारी, माउस हलतोय का ते मोजणारी सॉफ्टवेअरं तर लावूच नका. लोक माउस हलवायला शिकतात, दुसरं काही होत नाही. ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंगच्या कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग 2024 साली नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला होता, आठवड्यातले दोन दिवस घरून काम करणाऱ्यांचं नोकरी सोडण्याचं प्रमाण एक तृतीयांशाने घटलं आणि कामाच्या मूल्यमापनात किंवा बढतीत काही फरक दिसला नाही. हा प्रयोग हायब्रिडचा, म्हणजे काही दिवस घरून आणि काही दिवस ऑफिसातून काम करण्याचा आहे, पूर्ण रिमोटला तो जसाच्या तसा लावता येत नाही हे खरं, पण नजरेआड म्हणजे कामचुकार हा जो हिशोब अनेकांच्या डोक्यात पक्का बसलाय त्याला तो धक्का देतो. कुणाचं काम दिसत नसेल तर बहुतेक वेळा कामाचे तुकडे फार मोठे पाडलेले असतात. तीन आठवड्यांचं एक टिकेट दिलंत तर तीन आठवडे काहीच दिसणार नाही. दोन-तीन दिवसांत संपून दाखवता येईल एवढा तुकडा पाडा, मग ठिपका हिरवा असो की राखाडी, काय फरक पडतो.

नवीन माणसाची मात्र जास्त काळजी घ्या, लांबून जॉइन झालेल्याला कुणाला काय विचारायचं हेच माहीत नसतं आणि सगळे बिझी दिसतात. एक बडी (सोबती) द्या, मॅनेजर सोडून दुसरा कुणीतरी, पहिला महिनाभर रोज पंधरा मिनिटं ठरलेली, विषय असो नसो. आणि पहिल्या आठवड्यात त्याला एक काम सांगा, आमची डॉक्स वाच आणि जिथे अडशील तिथे ते डॉक तूच दुरुस्त कर. जुन्या लोकांना त्या डॉकमधल्या चुका दिसतच नाहीत.

प्रत्यक्ष भेटायचं का, तर हो, बजेट असेल तर वर्षातून एक-दोनदा नक्की भेटा, पण भेटून प्रेझेंटेशन बघत बसू नका, ती कॉलवरही होतात. भेटीचे दिवस नव्या प्रोजेक्टच्या सुरुवातीला धरा, जेव्हा कुणालाच काही स्पष्ट नसतं आणि फळ्यासमोर उभं राहून वाद घालायला लागतो, किंवा दोन टीममध्ये काही आंबट झालं असेल तेव्हा. ज्या दोन माणसांचे थ्रेड सारखे तापतात त्यांना त्या दिवसांत एका छोट्या कामावर एकत्र बसवा, समजूत घालायला नव्हे, कामालाच. बजेट नसेल तर तेच कॉलवर करा, स्क्रीन शेअर करून दोघांनी मिळून दोन तास एकच टिकेट संपवायचं. आणि नवीन टूलचा विचार यातलं एवढं तीन-चार महिने चालवून बघितल्यावर करा, तेव्हा नेमकं काय कमी पडतंय ते तुम्हालाच सांगता येईल.